त्यांच्यासमोर खाल्लेला पेरू

माझे पती साखर कारखान्यात फिटर होते. पंप, गिअरबॉक्स आणि बेअरिंगं यांच्यात त्यांचा जन्म गेला. मी नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझी भाषा ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. सणसरच्या अलीकडे, कालव्यापासून थोड्या अंतरावर आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. मी ब्लाउज शिवायची. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. आमच्या भागात ख्रिस्ती घरं अगदी थोडी, त्यामुळे रविवारी उपासनेसाठी बारामतीला जायचो. सगळ्या शेजारणी शेतकऱ्यांच्या घरच्या. त्यांच्या सणाला मी पुरणपोळी खायची, नाताळात त्या माझ्याकडच्या करंज्या न्यायच्या. एवढंच आमचं आयुष्य होतं आणि ते बरं चाललं होतं.

ह्यांना बीपी होतं. गोळ्या घ्यायचे, बरं वाटलं की सोडून द्यायचे. निवृत्त झाल्यावर एका वर्षी त्यांच्या पायात चप्पल जाईना, एवढे पाय सुजले. बारामतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मला एकटीला आत बोलावलं. दोन्ही किडन्या सुकल्या होत्या. माझी किडनी त्यांना जुळली नाही. मुलीची घ्यायला ते तयार झाले नाहीत. त्या विषयावर त्यांनी पुन्हा बोलूही दिलं नाही. मग डायलिसिस सुरू झालं. एक दिवसाआड बारामतीला जायचं, चार तास मशीनवर पडून राहायचं, आणि पिळून काढल्यासारखं परत यायचं.

गावातल्याच एकाची गाडी ठरवली होती. त्याच गाडीत पलीकडच्या वस्तीवरचं एक जोडपं असायचं. त्यांनाही तेच दुखणं, म्हणजे नवऱ्याला. त्यांना सगळे तात्या म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला आक्का. तात्यांची पेरूची बाग होती, थोडा भाजीपाला होता. माणूस तोंडाचा फाटका. ड्रायव्हरवर ओरडायचे, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रेलरवर ओरडायचे, सगळ्यात जास्त आक्कावर ओरडायचे. पहिल्या दिवसापासून मला ते आवडले नाहीत.

ह्यांची काळजी मी मनापासून घेतली. दिवसभराचं पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवायची. माठ उचलून शेजारी ठेवायला दिला, नजरेसमोर नको म्हणून. भाजी चिरून, भिजवून, उकडून, पाणी फेकून द्यायची; मग त्यात मीठ नाही, टोमॅटो नाही, खोबरं नाही. तसली पांढरी भाजी मी स्वतःच्याही ताटात घ्यायची. ह्यांना मीठ नाही तर मला कशाला? फळ सोडलं. चहा निम्मा केला. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, ताई, तुमची सेवा बघून आम्हाला साक्ष मिळते. मी मान खाली घालायची. मला लहानपणापासून प्रीतीचा अर्थ तोच शिकवलेला होता. स्वतःचं सोडायचं, दुसऱ्याचं ओझं उचलायचं, कुरकुर करायची नाही. मी करत नव्हते.

एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रीतीवरच संदेश दिला. प्रीती नुसतं सोसत नाही, ती चांगलं दिसेल तिथं आनंद मानते, असं काहीसं ते बोलत होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. घरी दुधी भोपळा भिजत घातलेला होता आणि त्याचं पाणी बदलायची वेळ झाली होती.

थंडीत तात्यांच्या बागेला बहर आला. एके दिवशी ते गाडीत चढले ते मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत पेरू होते, मोठे, पिवळसर, नुसत्या वासानं गाडी भरून गेली. डायलिसिसच्या माणसाला पेरू वर्ज्य. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं की त्यात पोटॅशियम असतं, हृदयावर येतं. तात्यांनी चाकूनं फोडी केल्या, वर तिखटमीठ टाकलं आणि पुढे सरकवल्या.

"घ्या. ड्रायव्हर, तू बी घे. बाई, तुमी घ्या."

मी म्हटलं, "नको, मला नको."

आक्कानं मात्र दोन फोडी उचलल्या आणि चपाचपा खायला सुरुवात केली. रस हनुवटीपर्यंत आला तो तिनं पदरानं पुसला. तात्या मान तिरकी करून तिच्या तोंडाकडे बघत होते. मला ते दृश्य सहन होईना. दोन माणसं पाण्याच्या घोटाला महाग झालेली, आणि ही बाई त्यांच्यासमोर बसून खाते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. 

त्या दिवशी परत येताना ह्यांच्या पायात गोळे आले. मी पाय दाबत होते. घरी आल्यावर त्यांना कॉटवर टेकवलं, मोजून पाणी दिलं, मऊ भात भरवला. खरकटं उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले,

"तू माझं समदं करतीस."

मी म्हटलं, "मग कोण करणार?"

"तसं न्हाय. समदं करतीस, पण मी तुला आवडत न्हाय आता."

मी थकलेली होते. तोंडातून निघून गेलं, "आवडायला काय राहिलंय आता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "व्हय. ते बी खरंच हाय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी ताट घासत बसले. प्रार्थना करावी म्हटलं तर शब्द येईनात. त्यांच्या मलमूत्रापासून ते जेवणापर्यंत मी सगळं केलं होतं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण ते म्हणाले तेही खोटं नव्हतं. सकाळी मी त्यांच्याकडे बघायची ती सूज किती आली हे पाहायला. जवळ जायची ती वजनाचा काटा वाचायला. मशीनची देखभाल करावी तशी मी त्यांची करत होते. फरक एवढाच की ते स्वतः कारखान्यातल्या मशिनींवर खूश असायचे.

पुढच्या खेपेला दोघांना मशीनवर घेतल्यावर मी आणि आक्का बाहेरच्या बाकावर बसलो. तिनं जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"बाई, तुमी पेरू का घेतला न्हाय? आमच्या हातचा चालत न्हाय व्हय तुमच्यात?"

मला धक्काच बसला. म्हटलं, "काहीतरीच काय आक्का. ह्यांना खाता येत नाही, मग माझ्या घशाखाली कसा उतरेल?"

"आन आमच्या म्हाताऱ्याला येतोय व्हय खाता?"

"म्हणून तर मला कळत नाही तुम्ही कशा खाता ते."

तिनं पाय वर घेतले, मांडी घातली. "त्येनं झाडं लावली, वाढवली. आता त्येला पेरू न्हाय, पाणी बी मोजून. र्‍हायलं काय त्येच्याकडं? दुसऱ्यानं खाल्लेलं बघायचं, तेवढं एक. आन मी बी तोंड पाडून बसले तर त्यो बघंल कुणाकडं?" मग म्हणाली, "तसा लई वंगाळ माणूस हाय. मला कवा सुखानं बोलला न्हाय. पण पेरू चांगला पिकवतो. चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं?"



दोन खेपांनंतर तात्या पुन्हा पिशवी घेऊन आले. फोडी पुढे आल्या तेव्हा मी एक उचलली.  ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाल्ली. बऱ्याच महिन्यांत जिभेला मीठ लागलं नव्हतं. तिखटमिठानं डोळ्यांतून पाणी आलं.

"कसा हाय?" ह्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"चांगला म्हंजी? नीट सांग की."

कामावरच्या पोऱ्यानं मोघम उत्तर दिलं की ते असंच म्हणायचे. मी दुसरी फोड घेतली आणि सावकाश चावली. म्हटलं, "वरून कडक आहे, दाताला लागतो. आत मऊ. गोड आहे पण शेवटी जराशी आंबट चव येते. बिया बारीक आहेत."

"वरच्या बांधाच्या झाडाचा हाय त्यो," तात्या म्हणाले. "तितं ऊन जास्त लागतं."

"आंबट आधी का नंतर?" ह्यांनी विचारलं.

"नंतर. गिळल्यावर."

ह्यांनी मान हलवली. त्यांची जीभ पांढरी पडलेली होती, ओठांना भेगा होत्या, त्यांनी कोरडाच आवंढा गिळला. मला वाटलं, आपण हे काय क्रूर काम करतोय. पण त्यांचा चेहरा कारखान्यातून घरी आल्यावर असायचा तसा झाला होता, एखादा अडलेला पंप चालू करून आल्यावर असायचा तसा. कितीतरी दिवसांनी ते माझ्याकडे बघत होते. मीही त्यांच्याकडे बघत होते, आणि सूज बघत नव्हते.

त्या दिवसापासून मी माझं जेवण वेगळं केलं. भाकरी, ठेचा, लसणाची चटणी. त्यांच्यासमोर बसून खायची आणि कसं झालंय ते सांगायची. ते चुका काढायचे. "मिरची जास्त भाजली असणार तू, वासावरनं कळतं." शेजारची एकदा दारातून हे बघून गेली आणि गावात सांगितलं की बाईला नवऱ्याची दयामाया राहिली नाही. सांगू दे म्हटलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हे आयुष्यभर चांगलं बघून सांगणारे होते आणि मी आयुष्यभर 'हं' म्हणत आले होते. अमक्या वेल्डरचा हात काय साफ आहे. त्या हॉटेलवाल्यानं म्हातारीला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. आता मी ऐकायला लागले. डायलिसिसला एक तरुण टेक्निशियन होती, तिच्याबद्दल एकदा म्हणाले, "तिच्याकडं बघ सुई टोचताना. आधी आपला श्वास रोखून धरती. एवढी माणसं रोज टोचती, तरी अजून श्वास रोखती." पुढच्या वेळी मी दारात उभं राहून बघितलं. खरंच रोखायची. मी तिला तसं सांगितलं तर ती लाजली, म्हणाली, "मला माहीतच नव्हतं काकू."

ह्यांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेली होती. ती सतत घरघरायची. मला ती बघायचीसुद्धा भीती वाटायची, दोरीसारखी फुगलेली. कारखान्यात हे बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि आतला आवाज ऐकायचे. एका दुपारी त्यांनी तो हात पुढे केला आणि म्हणाले, "ऐक." मी कान लावला. आतून गार वाऱ्यासारखा आवाज येत होता, एकसारखा.

"बेअरिंग अजून चांगलं हाय," ते म्हणाले.

मी बराच वेळ तसाच कान ठेवून बसले.

पण आनंद म्हणजे काही औषध नव्हतं. रिपोर्ट होते तसेच येत होते, उलट बिघडतच होते. अंगाला एवढी खाज सुटायची की पाठीतून रक्त यायचं. कधी मशीनवर असताना बीपी खाली जायचं आणि डोळे पांढरे व्हायचे. काही दिवस ते माझ्यावर खेकसायचे, काही दिवस मी त्यांच्यावर. कितीतरी दिवस असे गेले की चांगलं म्हणावं असं काही दिसलंच नाही, आणि मी ते शोधलंही नाही. तेव्हा नुसती भाजी उकडली आणि पाणी मोजलं. तेही प्रीतीतच धरावं, असं मी देवाला सांगितलं.

उन्हाळ्यात तात्या गेले. त्या आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं होतं आणि तात्यांच्या बागेची पाळी आली होती. सकाळी आमची गाडी वस्तीवर थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी कुणी बाहेर आलं नाही. मग आक्का आली. केस मोकळे होते. गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमी जावा. आमचं सपलं." पहाटेच दम लागून तात्या गेले होते. माणसं जमायला सुरुवात झाली होती.

डायलिसिस चुकवता येत नव्हतं. आम्ही गेलो, आणि परत आल्यावर ह्यांना तसंच घेऊन वस्तीवर गेले. अंत्यविधी उरकला होता. आक्का ओट्यावर बसली होती. बायका जरा बाजूला झाल्यावर ती मला हळू आवाजात म्हणाली,

"काल सांजच्याला बागेत गेला. मोटरीच्या पाइपाला तोंड लावून पाणी प्याला. पोटभर प्याला. मी बांधावर हुते. बघत हुते."

मी विचारलं, "मग?"

"आडवलं न्हाय मी. कितींदा आडवायचं? लई दिसांनी त्येला हसताना बघितला."

मी तिचा हात धरला. तिनं बरोबर केलं की चूक, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी तिच्या जागी असते तर पाइप ओढून घेतला असता, एवढं मात्र माहीत आहे. घरी येऊन ह्यांना ते सांगितलं. त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तसंच ठेवलं. प्यायले नाहीत. मग म्हणाले, "तात्याला लोकं शिव्या देणारा म्हणूनच आठवतील. आपण तसं करायचं न्हाय."

नंतर त्या गाडीतून आम्ही दोघंच जायचो. तात्यांच्या जागी मी पिशव्या ठेवायची.

पावसाळा संपता संपता ह्यांना थंडी वाजून ताप आला. रक्तात जंतू गेले होते. बारामतीच्या दवाखान्यात आयसीयूमध्ये ठेवलं. घशात नळी घातली, त्यामुळे बोलणं थांबलं. मुलगी नाशिकहून आली. दोन वेळा आत सोडायचे, थोड्या वेळासाठी. मी वाकून बोलायची, पण ऐकू जात होतं की नाही कळत नव्हतं. तिथं शेजारी पडलेली सगळी माणसं तशीच, नळ्या लावलेली. त्या खोलीत चांगलं म्हणावं असं मला काही दिसत नव्हतं आणि मी देवाशी भांडत होते. शब्द काही गोड नव्हते.

शेवटच्या दिवशी सकाळी मला आत सोडलं तेव्हा सफाईची मावशी त्यांच्या कॉटशी उभी होती. अंग पुसून झालं होतं. स्वतःच्या खिशातला लहान कंगवा काढून ती त्यांचे केस विंचरत होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. माझी चाहूल लागताच ती दचकली.

"लई विस्कटले हुते," ती म्हणाली. "तुमी बघायला येणार, म्हणून."

तिनं भांग उजवीकडून पाडला होता. हे जन्मभर डावीकडून पाडायचे. पण किती नीट पाडला होता, अगदी सरळ रेघेसारखा. मी म्हटलं, "मावशी, छान पाडलात हो भांग." ती हसली आणि बादली उचलून पुढच्या कॉटकडे गेली. मी ह्यांच्या कानाशी वाकून त्यांना सगळं सांगितलं. मावशी कशी होती, कंगवा कुठून काढला, भांग कसा उलटा पण सरळ पडलाय. मोघम नाही, नीट सांगितलं. दुपारी ते गेले.

घरी त्यांना तयार करताना माझ्या जावेनं कंगवा घेतला आणि म्हणाली, "भांग चुकीचा पडलाय." मी तिचा हात धरला आणि राहू दे म्हटलं. तिला नवल वाटलं असेल.

दफन बारामतीला झालं. मंडळीनं गीत गायलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. कारखान्यातले जुने लोक आले होते, टोप्या हातात धरून उभे होते. आक्का फाटकाशी थांबली होती. आत यायचं असतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. मुलगी जाऊन तिला घेऊन आली. सगळ्यांनी माती दिली तशी तिनंही दिली, आणि उरलेली मूठ लगेच झाडून टाकली नाही. बोटांनी चुरगळून बघितली.

"मुरूम न्हाय लागला हितं," ती मला म्हणाली. "माती मऊ हाय. बरं झालं."

मी खाली वाकून बघितलं. काळी होती, ओलसर, ढेकळं सहज फुटत होती. ती सांगत होती ते खरं होतं. मी तिला व्हय म्हटलं.